खाडीकांठचीं घरें आणि पाखरांचा विसांवा

नव्या मुंबईंत नेरूळच्या खाडीकांठीं हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत एक देखावा पुष्कळांच्या पाहण्यांतला आहे. खाडीला भरती लागते, चिखलाची सपाटी हळूहळू पाण्याखालीं जाते, आणि थोड्याच वेळांत गुलाबी-पांढऱ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे उंच इमारतींच्या रोखानें उडत येतात. इमारतींच्या पायथ्याशीं जें उथळ पाणी असतें त्यांत ते उतरतात, एका पायावर उभे राहतात आणि मान पाठीवर वळवून विसांवा घेतात. कांहीं तासांनीं पाणी ओसरूं लागलें, कीं कोणी हांक मारावी तसा सगळा मेळा उठतो व पुन्हां खाडीची वाट धरतो. सज्जांत उभे राहून लोक हा देखावा मुलांस दाखवितात. परंतु ज्या इमारतींचे हे सज्जे, त्याही पूर्वींच्या खाजणाच्या कांठींच उठलेल्या आहेत. उरलेल्या पाण्याच्या जागीं आणखी इमारती उठवाव्या, कीं तें पाणी तसेंच राखावें, हा वाद गेलीं कित्येक वर्षें सरकारदरबारीं आणि न्यायासनापुढें चालू आहे.

या वादाला बहुधा ‘माणसें मोठीं कीं पाखरें मोठीं’ असें रूप दिलें जातें. तें रूप सोयीचें असलें तरी खरें नव्हे. घराची गरज खरी आहे आणि पक्ष्यांची अडचणही खरी आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत नेमकें काय पडलें आहे हें आधीं पाहिलें, तरच तोलण्याला अर्थ राहतो.

प्रथम घरांचें पारडें पाहावें. मुंबई हें तिन्ही बाजूंनीं पाण्यानें वेढलेलें शहर. त्याला पसरावयास जागा नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत मुंबईच्या सुमारें सव्वा कोटि वस्तीपैकीं ५२ लाख माणसें, म्हणजे शेंकडा चाळिसांहून अधिक, झोपडवस्तींत राहत असल्याचें दिसून आलें. हा भार हलका करावा याच हेतूनें १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही सरकारी मंडळी स्थापन झाली आणि खाडीच्या पूर्वेस ३४४ चौरस किलोमीटर टापूंत नवें शहर वसविण्याचें काम तिच्याकडे आलें. २० लाख माणसांची सोय तेथें व्हावी अशी मूळची कल्पना होती. २०११ मध्यें एकट्या नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत ११ लाखांवर लोक राहत होते. त्यांत मुंबईंत जन्मभर भाड्याच्या खोलींत काढलेलीं आणि उतारवयांत स्वतःच्या घराचें दार प्रथम उघडणारीं कुटुंबें थोडीं नाहींत. अशा माणसाला ‘येथें पाखरें बसतात, तूं दूर जा’ असें सांगणें सोपें नाहीं.

दुसरीही एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. नव्या शहराचे रस्ते, गटारें, पाण्याचे नळ, आगगाडीचीं स्थानकें यांसाठीं लागणारा पैसा मुख्यतः जमीन विकूनच उभा करावयाचा, अशी या योजनेची घडण आहे. म्हणून खाडीकांठचा एखादा भूखंड विकावयाचा नाहीं असें ठरलें, तर तेवढें उत्पन्न बुडतें. हा तोटा कोणीं सोसावयाचा, हा प्रश्न पक्ष्यांच्या कैवाऱ्यांनींही टाळतां कामा नये. शिवाय ही जमीन मुळांत ओसाड नव्हती. ९५ गांवांतील आगरी व कोळी लोकांचीं शेतें, मिठागरें आणि मासेमारीच्या जागा या टापूंत होत्या. जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जण मृत्यु पावले. पुढें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या झगड्यांतूनच. तेव्हां खाडीकांठच्या प्रत्येक एकराला एक इतिहास आहे, आणि त्यांत पक्ष्यांच्या आधीं माणसांचीं दुःखें नोंदलेलीं आहेत.

आतां दुसरें पारडें. मराठींत ज्याला रोहित किंवा अग्निपंख म्हणतात आणि मुंबईकर ज्याला सरसकट फ्लेमिंगो म्हणून ओळखतात, त्या पक्ष्याच्या दोन जाती ठाण्याच्या खाडींत येतात. मोठा रोहित चार फुटांहून उंच असतो व चिखलांतले बारीक कवचीचे जीव गाळून खातो. लहान रोहित सुमारें तीन फुटांचा, अधिक गुलाबी, आणि त्याचा मुख्य आहार म्हणजे पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ. त्याची चोंच म्हणजे एक बारीक गाळणीच होय. ती उलटी करून तो पाण्यांत बुडवितो, जिभेनें पाणी आंत-बाहेर करतो आणि डोळ्यांना न दिसणारें अन्न टिपून घेतो. कच्छच्या रणांत हे पक्षी चिखलाचे उंचवटे रचून त्यांवर अंडीं घालतात, आणि तिकडचें पाणी आटूं लागलें कीं बरेचसे खाडीकडे येतात. मुंबईच्या बाजूस, विशेषतः शिवडीच्या चिखलांत, ते मोठ्या संख्येनें दिसूं लागले ते १९९० नंतरच्या दशकांत. शहराच्या सांडपाण्यानें खाडींत शेवाळ वाढलें आणि त्या शेवाळानें पक्ष्यांस बोलाविलें, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. पुढें बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें केलेल्या गणनांत ही संख्या लाखाच्या घरांत गेली. लहान रोहिताची गणना जगांतील संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत होते. तेव्हां एका गजबजलेल्या शहराच्या कुशींत त्याचे इतके मोठे थवे जमावे, ही लहान गोष्ट नव्हे.

या वादाची खरी किल्ली मात्र भरती-ओहोटीच्या वेळापत्रकांत आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचें कांहींच समजत नाहीं. भरतीच्या शिखरापासून ओहोटीच्या तळापर्यंत साधारणपणें सहा तास बारा मिनिटें लागतात. दिवसरात्रींत दोनदां पाणी चढतें, दोनदां उतरतें, आणि ही वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. ओहोटीला खाडीच्या दोहों कांठांस मैलोगणती चिखल उघडा पडतो. तेंच पक्ष्यांचें पान. भरती आली कीं तें पान पाण्याखालीं जातें. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, चिखलाचा थोडा भाग उघडा राहूं शकतो. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तिवरांच्या शेंड्यांकडे चढूं लागतें आणि उभें राहण्यास कोठेंच जागा उरत नाहीं. तिवरांच्या दाट फांद्यांवर हा लांब पायांचा पक्षी बसूं शकत नाहीं. त्याला हवें असतें उघडें, उथळ, संथ पाणी, जेथून चहूंकडे दूरवर दिसतें आणि कुत्रें किंवा माणूस अंगावर येण्याआधीं उडतां येतें. तुतवार, चिखल्या यांसारख्या लहान पाणपक्ष्यांचीही गोष्ट तीच. त्यांच्या तर आंखूड पायांना चार बोटांहून अधिक पाणी चालत नाहीं.

श्रोत्यांनीं आतां अभयारण्याचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. ऑगस्ट २०१५ मध्यें ठाणें खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालें. मालवणनंतरचें हें महाराष्ट्राचें दुसरें सागरी अभयारण्य. त्याचें क्षेत्र सुमारें १,६९० हेक्टर. पैकीं ८९६ हेक्टर तिवरांचें आणि उरलेलें पाण्याचें. २०२१ मध्यें भोंवतालच्या सुमारें ४८ चौरस किलोमीटर टापूस संवेदनशील क्षेत्र म्हणून मर्यादा घातल्या गेल्या, आणि २०२२ मध्यें या सर्वांची मिळून सुमारें ६,५२१ हेक्टर जागा रामसर-करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ठरली. हें सर्व उत्तमच झालें. परंतु अभयारण्याची मूळ हद्द ऐरोली-वाशीच्या बाजूस आहे. नेरूळचें उथळ पाणी वाशीच्या पुलाच्या दक्षिणेस, हद्दीबाहेर राहिलें. म्हणजे पक्ष्यांच्या जेवणाच्या जागेला पहारा मिळाला, पण जेवण झाल्यावर पाठ टेकावयाची जागा विक्रीच्या यादींत राहिली. म्हणूनच पक्षितज्ज्ञांनीं भांडुप, नेरूळ आणि उरणच्या बाजूचीं बेलपाडा, भेंडखळ व पाणजे येथील पाणथळींस अभयारण्याच्या ‘उपग्रह-पाणथळी’ म्हटलें आणि त्यांचा विचार अभयारण्यासह एकत्र व्हावा असें सुचविलें. हें नांव समर्पक आहे. उपग्रह मूळ ग्रहापासून वेगळा दिसतो, पण दोघांची गति एकमेकांस बांधलेली असते.

‘एक तळें गेलें तर पक्षी दुसरीकडे जातील’ हें उत्तर वारंवार ऐकूं येतें. जातील हें खरें. पण कोठें, आणि कोणत्या किमतीनें? विश्रांतीची जागा जितकी दूर, तितकें रोजचें जाण्यायेण्याचें श्रम अधिक, आणि कच्छपर्यंतच्या परतीच्या प्रवासासाठीं अंगांत सांठवावयाची चरबी तितकी कमी. खाडींत गाळ सांचून तिवरें पुढें सरकत आहेत आणि उघड्या चिखलाची जागा कमी होत आहे. म्हणजे भरतीच्या वेळचीं तळीं आतां पूर्वींपेक्षां अधिक मोलाचीं झालीं आहेत. शिवाय ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. हुसकलेले थवे नव्या जागेच्या शोधांत विमानांच्या वाटेंत आले तर काय होईल, ही चिंता केवळ पक्षिमित्रांची नव्हे. मे २०२४ मध्यें मुंबईंत उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरजवळ एका थव्याशीं टक्कर होऊन सुमारें चाळीस रोहित मेले. विमान सुखरूप उतरलें हें प्रवाशांचें दैव.

आतां कायद्याची बाजू. नेरूळच्या ज्या पाणथळीच्या जागेवर गोल्फचें मैदान व निवासी इमारती योजिल्या होत्या, त्या जागेच्या वापरांत केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें रद्द ठरविला. पुढें हा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें देशाच्या नकाशासंग्रहांत नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचा आदेश दिलेला होताच. तरीही प्रत्यक्षांत कीस पडतो तो एका शब्दावर. ‘पाणथळ’ कशाला म्हणावें? २०१७ च्या नियमांत मिठागरें, मत्स्यशेती किंवा पिण्याचें पाणी यांसाठीं माणसानें मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणून एक पक्ष म्हणतो, हें पाणी नैसर्गिक नव्हे, बांधबंदिस्तीमुळें सांचलेलें आहे; दुसरा म्हणतो, पाणी कसें सांचलें हें पक्षी विचारीत नाहींत. कोंकणच्या खाडीकांठीं हा भेद करणें खरोखरच कठीण आहे. खारबंदिस्ती, तिच्या उघाड्या, मिठागरें, खाजणें, हीं सारीं माणूस आणि समुद्र यांनीं मिळून घडविलेलीं आहेत.

आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाणथळ बुजविण्यासाठीं तींत मातीची एक गाडीही टाकावी लागत नाहीं. भरतीचें पाणी ज्या नाल्यांतून किंवा नळांतून आंत येतें तो बुजला कीं पुरे. पाणी सडतें, शेवाळाचे थर चढतात किंवा तळें आटतें, आणि पक्षी येईनासे होतात. मग ‘येथें पक्षी येतातच कोठें?’ असें विचारणें सोपें होतें. नेरूळच्या डी. पी. एस. तलावाच्या बाबतींत २०२४ च्या उन्हाळ्यांत असेंच घडलें. पाण्याचा मार्ग अडलेला आढळला आणि त्या भागांत अनेक रोहित जखमी व मृत सांपडले. त्यानंतर सरकारी समितीनें चौकशी केली, आणि २०२५ मध्यें सुमारें तीस एकरांचा हा तलाव संवर्धन-राखीव म्हणून जाहीर करण्यास राज्याच्या वन्यजीव मंडळानें मान्यता दिली. बिल्डिंगा उभ्या असलेल्या शहराच्या मध्यभागीं असा निर्णय होऊं शकतो, हें यावरून दिसून आलें. मात्र कागदावरील मान्यतेनें तळें जिवंत राहत नाहीं. नाल्याचें तोंड मोकळें राहतें कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून आहे.

ह्या सखल जागा केवळ पाखरांच्या उपयोगाच्या आहेत असेंही नव्हे. नव्या मुंबईचा बराच भाग उधाणाच्या पाण्याच्या पातळीहून खालीं किंवा तिच्या बरोबरीचा आहे. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळीं आली तर शहराचें पाणी खाडींत जाऊं शकत नाहीं. तें कांहीं तास कोठें तरी थोपवून धरावें लागतें. यासाठींच शहराच्या आंखणींत धारण-तलाव ठेवलेले आहेत. भरतीला त्यांचीं दारें मिटतात, ओहोटीला उघडतात. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाण्यास थांबावयास जागा नसली म्हणजे काय होतें हें मुंबईनें पाहिलें. खाडीकांठचें प्रत्येक उथळ तळें पुराच्या दिवशीं पाणी उराशीं धरणारें भांडें आहे. तें बुजवून बांधलेल्या घराला पाखरांचा शाप लागत नसेल, पण पाण्याचा हिशेब मात्र चुकवावाच लागतो, आणि तो बहुधा शेजारच्या जुन्या, बैठ्या वस्तीला चुकवावा लागतो.

तर मग तोलावें कसें? पहिला प्रश्न असा, कीं हें घर कोणासाठीं? गोल्फच्या मैदानाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या प्रशस्त सदनिका आणि झोपडवस्तींतील ५२ लाख माणसें यांचा एकमेकांशीं थोडाच संबंध आहे. गरजूंच्या नांवानें मागितलेली जागा गरजूंनाच मिळणार आहे काय, हें आधीं विचारावें. दुसरा प्रश्न, हेंच घर इतरत्र बांधतां येईल काय? स्थानकांच्या जवळ भर घालून तयार असलेल्या, रिकाम्या किंवा जुनाट बांधकामाच्या जागा शहरांत आहेत. घर तेथें उभें राहूं शकतें. भरतीचें उथळ तळें मात्र हुकूम काढून टेकडीवर नेतां येत नाहीं. तिसरा प्रश्न, एकूण किती गेलें? एकेक भूखंड वेगळा तोलला कीं तो नेहमींच लहान भरतो. दहा लहान भूखंड गेल्यावर अकराव्याला विचारणारे पक्षीच उरत नाहींत. म्हणून तोल सबंध खाडीचा व्हावयास हवा.

चौथा प्रश्न पक्ष्यांची बाजू घेणाऱ्यांनीं स्वतःस विचारावयाचा आहे. ज्यांचीं घरें कांठावर आधींच उभीं आहेत, त्यांना समोरचें पाणी मोकळें राहण्यांत फायदाही आहे. वारा, उजेड, देखावा आणि घराची किंमत. त्यांचा कळवळा खोटा आहे असें नव्हे. परंतु पाखरांच्या नांवानें नव्या येणारांस दार लावून घेणें आणि स्वतः मात्र कुत्रीं मोकळीं सोडणें, प्रखर दिवे लावणें, बांधकामाचा कचरा कांठावर टाकणें, हें न्यायाचें नव्हे. आणि जमीन न विकल्यानें जो तोटा होईल, तो कोण्या एका गांवावर किंवा गरीब वस्तीवर न लादतां सबंध शहरानें वांटून घेतला पाहिजे. आगरी-कोळ्यांकडून जमीन घेतली ती शहराच्या कल्याणासाठीं. तिच्यावर काय राखावयाचें हें ठरवितांना, मासे आणि नौका यांच्या दृष्टीनें ती खाडी ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्यांना विचारण्याचें मात्र राहून जातें.

पाण्याच्या शेजारीं बांधकाम कधींच होऊं नये असा याचा अर्थ नाहीं. भरतीचे नाले आणि उघाड्या मोकळ्या ठेवल्या, पाण्याच्या कडेला रुंद पट्टा सोडला, दिव्यांचा झोत पाण्यावर पडूं दिला नाहीं, हिवाळा-उन्हाळ्यांत कांठावरचीं गोंगाटाचीं कामें आवरतीं घेतलीं, तर माणसें आणि पाखरें एका कांठावर राहूं शकतात. नेरूळचे सज्जे आणि त्यांखालचे थवे हीच त्याची साक्ष आहे. मात्र शेजारीं राहणें वेगळें आणि जागाच घेणें वेगळें. सीमा तेथें आहे, आणि ती कुंपणानें नव्हे, पाण्याच्या चढउतारानें आंखलेली आहे.

उद्यां पुन्हां खाडीला भरती येईल, आजच्यापेक्षां सुमारें पन्नास मिनिटें उशिरानें. चिखल झांकला जाईल, थवे उठतील आणि पूर्वेकडे वळतील. त्या वेळीं त्यांना दुसऱ्या अर्ध्या दिवसाची जागा सांपडेल कीं नाहीं, हें त्यांच्या हातीं नाहीं. तें ज्यांच्या हातीं आहे त्यांनीं घर बांधतांना नकाशाबरोबर भरती-ओहोटीचें कोष्टकही समोर ठेवावें, इतकेंच या खाडीचें मागणें आहे.